टाइमशेअर विकण्याचा नीट क्रम, आणि उद्योगाच्या संघटनांकडून काय अपेक्षा ठेवावी

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधल्या खोलीत ठरावीक काळ राहण्याचा विकत घेतलेला हक्क. ऑर्लँडो, लास व्हेगस किंवा हवाईतला टाइमशेअर घेतलेल्या मराठी कुटुंबांचा प्रश्न बहुधा एकच असतो. मुलं लहान होती तोवर तो वापरला. आता मुलं आपापल्या वाटेला लागली, पण मेंटेनन्सचं बिल दरवर्षी येतं आणि दरवर्षी थोडं वाढून येतं. मग विकायचं ठरतं. त्यानंतर जे व्हायला नको तेच होतं: आधी कुठेतरी जाहिरात टाकली जाते, तिच्यावरून फोन येतात, फोनवरचा गोड माणूस 'गिऱ्हाईक तयार आहे' म्हणून दोन-तीन हजार डॉलर आगाऊ घेतो आणि गायब होतो. कागदपत्रं कपाटातून बाहेर निघतात ती त्यानंतर.

खाली दिलेला क्रम अमेरिकेतल्या टाइमशेअरसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः फ्लोरिडाची घेतली आहेत, कारण सर्वाधिक रिसॉर्ट्स तिथे आहेत आणि तिथला कायदाही तपशीलवार आहे. भारतातली पंचवीस वर्षांची हॉलिडे मेंबरशिप वेगळी असते. तिथे बहुधा खरेदीखत नसतं, कंपनीशी केलेला करार असतो, त्यामुळे हस्तांतराचे नियमही त्या करारातच शोधावे लागतात. हा लेख तिला लावू नका.

सगळ्यात आधी: नुकताच घेतला असेल तर विकू नका, रद्द करा

सही करून थोडेच दिवस झाले असतील तर विक्रीचा विचार बाजूला ठेवा. बहुतेक राज्यांत करार रद्द करण्याची मुदत असते. फ्लोरिडात सही केल्यापासून किंवा शेवटचा आवश्यक कागद हातात पडल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून, १० दिवस मिळतात. कॅलिफोर्निया आणि हवाईत ७ दिवस, नेवाडात ५.

रद्द करण्याचं पत्र करारात दिलेल्या पत्त्यावर आणि करारात सांगितलेल्या पद्धतीनेच पाठवा. शक्यतो सर्टिफाइड मेल करा आणि पावती जपून ठेवा. सेल्समनला फोन करून 'आम्हाला नको आहे' सांगणं पुरेसं नाही. तो 'सोमवारी बोलू' म्हणेल आणि सोमवारपर्यंत मुदत संपलेली असेल.

पायरी १: नेमकं काय विकताय, ते कागदावर मांडा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून लोक तो टाळतात, आणि निम्मे व्यवहार पुढे इथेच अडकतात. एक कोरा कागद घ्या आणि या प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. हे खरेदीखत आहे, म्हणजे काउंटीच्या दप्तरी नोंदलेलं डीड आहे, की फक्त ठरावीक वर्षं वापरण्याचा हक्क? दुसरं असेल तर तो कोणत्या साली संपतो?

२. ठरलेला आठवडा आहे, फिरता आठवडा आहे, की पॉइंट्स, म्हणजे खोली घेण्यासाठी वापरायचे गुण? पॉइंट्स असतील तर वर्षाला किती, आणि ते कोणत्या मूळ रिसॉर्टला जोडलेले आहेत?

३. दरवर्षीचा आहे की वर्षाआड? वर्षाआड असेल तर सम साल की विषम?

४. डीडवर कोणाकोणाची नावं आहेत? ती आजच्या पासपोर्टवरच्या नावांशी जुळतात का?

५. कर्ज शिल्लक आहे का? किती?

६. यंदाचा मेंटेनन्स भरला का? विशेष आकारणीचा, म्हणजे मेंटेनन्सखेरीज लावलेल्या जादा रकमेचा, हप्ता बाकी आहे का?

७. यंदाचा आठवडा किंवा पॉइंट्स वापरून झाले का? पुढच्या वर्षातले उधार घेतलेत का?

चौथा प्रश्न आपल्याकडे फार त्रास देतो. लग्नाआधीचं नाव, वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लिहिलेलं, आडनावाचं वेगळं स्पेलिंग, यातलं काहीही डीडवर असू शकतं. डीडवर दोन नावं असतील तर सह्याही दोघांच्या लागतात. दोघांपैकी एक जण वारला असेल तर मृत्यूचा दाखला लागतो, आणि डीड कशा स्वरूपात घेतलं होतं त्यावरून कधीकधी प्रोबेटही, म्हणजे वारसाहक्काची कोर्टातली प्रक्रिया. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या आदेशात हा टाइमशेअर कोणाकडे गेला ते शोधून ठेवा.

आता कर्जाचं. कर्ज फेडल्याशिवाय स्वच्छ हस्तांतर होत नाही. रिसेलमध्ये, म्हणजे मालकाने पुढे विकताना, हाती येणारी रक्कम शिल्लक कर्जापेक्षा बहुतेक वेळा कमीच असते. म्हणजे विकण्यासाठी खिशातून भरावं लागेल. हे आधी कळलेलं बरं.

> तपासा: मूळ डीडची प्रत सापडत नसेल तर काळजी नको. ऑर्लँडोचा बराचसा भाग ऑरेंज काउंटीत येतो. तिथल्या कंप्ट्रोलरच्या संकेतस्थळावर 'ऑफिशियल रेकॉर्ड्स' मध्ये आपलं आडनाव टाकलं की नोंदलेलं डीड फुकट दिसतं. किसिमीकडचं रिसॉर्ट असेल तर ऑसिओला काउंटीच्या क्लर्कचं दप्तर पाहा. डीड सापडलं की त्यावरचा दस्त क्रमांक लिहून ठेवा, पुढे लागतो.

पायरी २: बाजारात जाण्याआधी रिसॉर्टला विचारा

फोन सेल्सला करू नका. 'ओनर सर्व्हिसेस' किंवा 'टायटल अँड ट्रान्सफर' विभाग मागा आणि चार गोष्टी विचारा. हस्तांतराची फी किती? खरेदीचा पहिला हक्क, म्हणजे ठरलेला सौदा त्याच किमतीला स्वतः घेण्याचा हक्क, कंपनीकडे आहे का? नव्या मालकाला कोणकोणते हक्क मिळणार नाहीत? आणि तुम्ही टाइमशेअर परत घेता का?

शेवटचा प्रश्न विचारताना संकोच नको. विंडहॅमसह काही मोठ्या कंपन्यांकडे परत घेण्याचे कार्यक्रम आहेत. अटी बदलत राहतात, पण साधारणपणे कर्ज फिटलेलं असावं आणि मेंटेनन्स चुकता असावा एवढी अपेक्षा असते. पैसे हाती पडत नाहीत, जबाबदारी मात्र अंगावरून उतरते. बाजारात ज्याला किंमतच नाही अशा टाइमशेअरसाठी हा सगळ्यात चांगला शेवट आहे. पहिल्या फोनवर 'असं काही नसतं' हे उत्तर मिळू शकतं. तरी लेखी विनंती पाठवा आणि लेखी उत्तर मागा.

> सावध: 'परत घेण्याबद्दल बोलायला एकदा रिसॉर्टवर या, ओनर अपडेट आहे' असं निमंत्रण आलं तर ती विक्रीचीच बैठक असते. तिथून लोक टाइमशेअर परत देऊन नाही, तर जास्तीचे पॉइंट्स आणि नवं कर्ज घेऊन बाहेर पडतात. परत देण्याचं काम ईमेल आणि टपालाने होतं. त्यासाठी तासभर समोर बसावं लागत नाही.

पायरी ३: किंमत ठरवा, पण तुम्ही भरलेली रक्कम विसरून

कंपनीकडून घेतलेल्या टाइमशेअरची सरासरी किंमत आज २० हजार डॉलरच्या वर जाते. त्यातला मोठा हिस्सा विक्रीचा खर्च असतो: भेटवस्तू, स्वस्तातला मुक्काम, एजंटचं कमिशन. तो पैसा खोलीत नाही, त्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकाकडून तो परत मिळत नाही. शिवाय अनेक कंपन्या रिसेलमध्ये घेणाऱ्याचे हक्क कापतात. क्लब विंडहॅममध्ये रिसेलचे पॉइंट्स व्हीआयपी दर्जासाठी धरले जात नाहीत. म्हणजे तुम्ही घेतलेली वस्तू आणि तुम्ही विकत असलेली वस्तू एक नाहीत.

किंमत काढायची पद्धत सोपी आहे. तुमच्याच रिसॉर्टचे, तुमच्याच हंगामाचे आणि खोलीच्या आकाराचे झालेले व्यवहार शोधा. मागितलेल्या किमती पाहू नका. लोक दहा हजार मागतात आणि ती जाहिरात तीन वर्षं तशीच पडून असते. मग तोच आठवडा भाड्याने किती डॉलरला मिळतो ते पाहा. समजा मेंटेनन्स १,२०० डॉलर आहे आणि तीच खोली त्याच आठवड्यात कोणालाही ९०० डॉलरला मिळतेय. मग तुमचा टाइमशेअर घेणारा माणूस दरवर्षी ३०० डॉलर जास्त मोजणार. असा टाइमशेअर फुकट दिला तरी घेणारा मिळायला वेळ लागतो. उलट भाडं मेंटेनन्सपेक्षा बरंच जास्त असेल, तर पैसे मिळण्याची आशा ठेवा.

डिस्ने व्हेकेशन क्लब या बाबतीत ठळक अपवाद आहे. तिथे रिसेलला खरी मागणी आहे आणि परवानाधारक ब्रोकर ते आनंदाने घेतात. पण तिथेही दोन गोष्टी किमतीवर परिणाम करतात. जुन्या रिसॉर्ट्सचे करार संपण्याची साले ठरलेली आहेत. बोर्डवॉकसारख्यांचे २०४२ मध्ये संपतात. आणि १९ जानेवारी २०१९ पासून मूळ १४ रिसॉर्ट्सचे पॉइंट्स रिसेलमध्ये घेणाऱ्याला रिव्हिएरा आणि त्यानंतरच्या नव्या रिसॉर्ट्समध्ये ते वापरता येत नाहीत.

पायरी ४: कोणामार्फत विकायचं

पर्याय मोजके आहेत.

स्वतः जाहिरात द्यायची तर टाइमशेअरधारकांसाठीची ठिकाणं निवडा. १९९३ पासून चालणारा टाइमशेअर युजर्स ग्रुप, म्हणजे टग, किंवा रेडवीक. तिथे माफक ठरलेली रक्कम भरून जाहिरात देता येते, आणि टगवर फुकट द्यायच्या टाइमशेअरसाठी वेगळा विभाग आहे. जाहिरातीत रिसॉर्ट, आठवडा किंवा पॉइंट्स, मेंटेनन्सचा नेमका आकडा, पहिलं वापराचं वर्ष आणि क्लोजिंगचा, म्हणजे व्यवहार पूर्ण करून डीड नोंदवण्याचा, खर्च कोण करणार हे सगळं लिहा. मेंटेनन्सचा आकडा लपवणाऱ्या जाहिरातीकडे जाणकार गिऱ्हाईक ढुंकूनही पाहत नाही.

ब्रोकर हवा असेल तर रिअल इस्टेटचा परवाना असलेला, आणि व्यवहार झाल्यावरच कमिशन घेणारा. लायसन्स्ड टाइमशेअर रिसेल ब्रोकर्स असोसिएशनचे सदस्य आगाऊ फी घेत नाहीत, म्हणून शोध तिथून सुरू करा. फ्लोरिडातला परवाना राज्याच्या डीबीपीआर (व्यावसायिक परवान्यांच्या) खात्याच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येतो. चांगला ब्रोकर तुमचा टाइमशेअर घ्यायला नकार देईल अशी शक्यता मोठी आहे. त्या नकाराचा अर्थ त्याची किंमत जवळजवळ शून्य आहे एवढाच. दुसरा ब्रोकर शोधत बसण्यापेक्षा पायरी २ कडे परत जा.

फ्लोरिडाचा २०१२ चा कायदा इथे उपयोगी पडतो. टाइमशेअर रिसेलची जाहिरात करणाऱ्या कंपनीला सही केलेल्या लेखी कराराशिवाय बारा महिन्यांत ७५ डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत. करार झाल्यावरही तुम्हाला ७ दिवसांत तो रद्द करता येतो. आणि 'गिऱ्हाईक तयार आहे' असं म्हणायचं असेल तर त्या गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर द्यावा लागतो. पुढचा फोन आला की एवढंच म्हणा: "गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि फोन ईमेलने पाठवा." नव्वद टक्के संभाषण तिथेच संपेल.

> सावध, आणि हे दोनदा वाचा: तुम्ही फोन केलेला नसताना ज्याने तुम्हाला फोन केला, तो तुमचा टाइमशेअर विकणार नाही. एफबीआयकडे २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकन लोकांनी टाइमशेअर फसवणुकीच्या तक्रारी नोंदवल्या, आणि बुडालेली रक्कम ३० कोटी डॉलरच्या घरात होती. जुलै २०२४ मध्ये अमेरिकी अर्थखात्याने इशारा दिला की मेक्सिकोतल्या टाइमशेअरधारकांना लुटणाऱ्या टोळ्यांमागे हलिस्को कार्टेल ही मेक्सिकन गुन्हेगारी संघटना आहे. या टोळ्या एकाच माणसाला पुन्हा पुन्हा गाठतात. आधी गिऱ्हाईक म्हणून, मग 'मेक्सिकन कर भरा' म्हणून, आणि शेवटी 'तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो' म्हणणारे वकील म्हणून. मेक्सिकोतल्या खात्यावर वायर करा असं कोणी म्हणालं की फोन ठेवा.

मध्येच महत्त्वाचं: संघटना कोणाच्या?

अडचणीत आलेला माणूस साहजिकच कोणीतरी 'अधिकृत' शोधतो. शोधताना त्याला आर्डा सापडते, म्हणजे अमेरिकन रिसॉर्ट डेव्हलपमेंट असोसिएशन. नावातच उत्तर आहे. ही रिसॉर्ट बांधणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांची संघटना आहे. व्यवस्थापन करणाऱ्या, आठवड्यांची अदलाबदल (एक्स्चेंज) करून देणाऱ्या आणि कर्ज देणाऱ्या कंपन्याही तिच्यात असतात. ती तिच्या सदस्यांसाठी काम करते, आणि तो तिचा हक्कच आहे.

गोंधळ होतो तो आर्डा-आरओसीमुळे. पूर्ण नाव रिसॉर्ट ओनर्स कोअ‍ॅलिशन. मालकांच्या नावाने चालणारी ही शाखा आर्डाच्याच छत्राखाली आहे, आणि तिला पैसा मिळतो तो तुमच्यासारख्या मालकांकडून. मेंटेनन्सचं बिल काढा आणि ओळी एकेक करून वाचा. व्यवस्थापन, राखीव निधी, मालमत्ता कर, आणि शेवटी कुठेतरी 'आर्डा-आरओसी व्हॉलंटरी कॉन्ट्रिब्यूशन', साधारण पाच-दहा डॉलरच्या आतली रक्कम. बऱ्याच बिलांत ती आधीच बेरजेत धरलेली असते. ती ऐच्छिक आहे. द्यायची नसेल तर तेवढी वजा करून भरा किंवा ऑनलाइन भरताना ती खूण काढा. ती न भरल्याने थकबाकी लागत नाही.

मग ही संघटना मालकांच्या कामाची आहे का? माझं मत स्पष्ट आहे: जिथे मालकाचं आणि कंपनीचं हित एक आहे, तिथे आहे. मालकांनी स्वतःच्याच आठवड्यावर हॉटेलसारखा कर भरावा असा प्रस्ताव एखाद्या राज्यात आला, तर तो कंपनीलाही नको असतो आणि तुम्हालाही. तिथे त्यांची लॉबिंगची ताकद खरी कामाला येते. आगाऊ पैसे घेऊन सुटका करून देतो म्हणणाऱ्या 'एक्झिट' कंपन्यांबद्दलचे त्यांचे इशारेही खरे आहेत, आणि कोणत्या सदस्य कंपनीकडे परत घेण्याचा कार्यक्रम आहे ही माहिती त्यांच्याकडून मिळते. ती जरूर घ्या.

पण जिथे हितं वेगळी होतात तिथे त्यांच्याकडे पाहू नका. रिसेलमध्ये घेणाऱ्याला पूर्ण हक्क मिळावेत, कंपनीने टाइमशेअर परत घेणं सक्तीचं व्हावं, करार रद्द करण्याची मुदत महिनाभर असावी, यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या फायद्याची आणि नव्या विक्रीच्या तोट्याची आहे. रिसेलचा बाजार जोमात आला तर २० हजारांचा नवा टाइमशेअर घेणार कोण? ज्यांचा धंदा नव्या विक्रीवर उभा आहे त्यांची संघटना तुमच्या सुटकेसाठी भांडेल ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यांच्याकडे तक्रार करण्यात महिने घालवू नका. तक्रार राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे, फ्लोरिडात डीबीपीआरकडे आणि केंद्रात एफटीसीकडे (संघीय व्यापार आयोगाकडे) करा.

तुमच्या हाताशी असलेली खरी संस्था म्हणजे तुमच्या रिसॉर्टची ओनर्स असोसिएशन. तीही बऱ्याचदा डेव्हलपरच्या हातात असते, कारण न विकलेल्या आठवड्यांची मतं त्याच्याकडे असतात. तरी मेंटेनन्स वाढतो आणि विशेष आकारणी लागते ती तिच्याच बैठकीत. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार व्यवस्थापनाकडे सगळ्या मालकांची यादी असते. ती यादी तुम्हाला मिळत नाही, पण संचालक निवडण्या-हटवण्यासारख्या असोसिएशनच्या कामासाठी लिहिलेलं तुमचं पत्र, तुमच्या खर्चाने, सगळ्या मालकांना पाठवणं त्यांना बंधनकारक आहे. मालकांनी ते फारसं वापरलेलं दिसत नाही. दर वर्षाला बिलावर चिडण्यापेक्षा दहा-बारा मालकांनी मिळून असं एक पत्र पाठवणं जास्त कामाचं आहे.

पायरी ५: सौदा लेखी करा

गिऱ्हाईक मिळालं की आनंदाच्या भरात लोक तोंडी बोलून मोकळे होतात. लेखी करारात हे असलंच पाहिजे: किंमत, बयाणा कोणाकडे राहणार, यंदाचा वापर कोणाचा, यंदाचा मेंटेनन्स कोणाचा, क्लोजिंगचा खर्च आणि रिसॉर्टची हस्तांतर फी कोणाची, आणि कंपनीने खरेदीचा पहिला हक्क वापरला तर काय.

त्या हक्काबद्दल थोडं. डिस्नेसारख्या कंपन्या ठरलेला सौदा त्याच किमतीला स्वतः घेऊ शकतात. उत्तर यायला साधारण महिना लागतो. विक्रेत्याला यात तोटा नाही, पैसे कुठूनही आले तरी तेच. पण तोवर 'झालं' समजून जाहिरात काढून टाकू नका आणि स्वयंचलित भरणा थांबवू नका.

पायरी ६: क्लोजिंग

पैशांची आणि कागदांची अदलाबदल तिसऱ्याच्या हातून व्हायला हवी. टाइमशेअरचं काम करणारी क्लोजिंग किंवा टायटल कंपनी निवडा. तिचा एस्क्रो परवाना, म्हणजे व्यवहाराचे पैसे तिऱ्हाईत म्हणून सांभाळण्याचा परवाना, राज्याच्या दप्तरात स्वतः पाहा. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या लिंकवर विसंबू नका. क्रम असा:

१. गिऱ्हाईक पैसे एस्क्रोमध्ये भरतं.

२. क्लोजिंग कंपनी रिसॉर्टकडून 'एस्टॉपेल' पत्र मागवते. त्यात थकबाकी, कर्ज आणि वापराची स्थिती रिसॉर्टच्या सहीने येते. पायरी १ चा तुमचा कागद शेजारी ठेवून ताडून पाहा. फरक असेल तर आत्ताच भांडा, नंतर नाही.

३. पहिल्या हक्काबाबत कंपनीचा नकार लेखी येतो.

४. डीड तयार होतं. फ्लोरिडात त्यावर नोटरीखेरीज दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि साक्षीदारांची नावं व पत्ते स्पष्ट लिहावे लागतात.

५. डीड काउंटीत नोंदलं जातं. फ्लोरिडात नोंदणीला पहिल्या पानाचे १० डॉलर, पुढच्या प्रत्येक पानाचे साडेआठ. किमतीवर मुद्रांक १०० डॉलरला ७० सेंट, फक्त मायामी-डेडमध्ये दर वेगळा आहे. हे आकडे एवढ्याचसाठी दिले की 'सरकारी फी दीड हजार डॉलर' म्हणणाऱ्याला तुम्ही ओळखावं.

६. नोंदलेल्या डीडची प्रत रिसॉर्टकडे जाते, रिसॉर्ट नवा मालक चढवतं, आणि एस्क्रोतून पैसे सुटतात.

> तपासा: विक्रेत्याने एस्क्रोत 'परत मिळणारी अनामत' भरायची असं काही नसतं. क्लोजिंगचा तुमच्या वाट्याचा खर्च सोडला तर विकणाऱ्याकडून पैसे मागितले जात नाहीत.

भारतात परतला असाल तर

पुण्यात किंवा नाशिकला बसूनही विक्री पूर्ण होते, वेळ जास्त लागतो इतकंच. डीडवरची सही नोटरी करून घ्यायचा सरळ मार्ग म्हणजे मुंबईत बीकेसीतली अमेरिकन वकिलात. एका शिक्क्याचे ५० डॉलर. साक्षीदार मात्र तुम्हीच घेऊन जायचे. वकिलातीचे कर्मचारी साक्षीदार होत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे इथल्या नोटरीकडून सही करून त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का, घेणं. तो चालेल का हे क्लोजिंग कंपनीला आधी विचारा. ऑनलाइन नोटरीही फ्लोरिडात चालते, पण ओळख पटवण्याच्या अटी परदेशातून पुऱ्या होतील का तेही आधी विचारा.

कराच्या दोन गोष्टी. तुम्ही आता अमेरिकेचे कर-रहिवासी नसाल तर फिर्प्टा, म्हणजे परदेशी विक्रेत्यांच्या अमेरिकी स्थावर मालमत्तेवरच्या कराच्या, कायद्याखाली गिऱ्हाइकाला किमतीच्या १५ टक्के कापून आयआरएसला (अमेरिकी कर खात्याला) भरावे लागू शकतात. फुकट देत असाल तर कापायला काही उरत नाही. आणि आयकराच्या भाषेत भारतात रेसिडेंट अँड ऑर्डिनरिली रेसिडेंट, म्हणजे पूर्ण रहिवासी, झाला असाल, तर डीडचा टाइमशेअर ही परदेशातली स्थावर मालमत्ता आहे; विवरणपत्राच्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ती दाखवायला विसरू नका.

विकलाच गेला नाही तर

फुकट द्या, आणि ते आकर्षक करा. क्लोजिंगचा खर्च आणि एका वर्षाचा मेंटेनन्स तुम्ही स्वतः भराल असं जाहिरातीत लिहा. हजार-दीड हजार डॉलर जातील, पण दरवर्षीचं बिल थांबेल. आठवडा बरा असेल तर कोणी ना कोणी घेतं.

पैसे घेऊन 'कायदेशीर सुटका' करून देणाऱ्या एक्झिट कंपन्यांपासून लांब राहा. वॉशिंग्टन राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने अशाच एका मोठ्या कंपनीवर, टाइमशेअर एक्झिट टीमवर, खटला भरला. २०२१ मध्ये तिने २६ लाख डॉलरच्या तडजोडीवर तो मिटवला. यातल्या अनेक कंपन्या तुम्हाला मेंटेनन्स भरू नका असं सांगतात आणि तुमची पत घसरू देतात. काही जण डीड एखाद्या कागदी कंपनीच्या नावावर टाकून मोकळे होतात. ती कंपनी मेंटेनन्स भरत नाही, मग रिसॉर्ट ते हस्तांतर उलटवायला कोर्टात जातं आणि गाडी पुन्हा तुमच्या दारात.

भरणं सरळ बंद करण्याचा सल्लाही नातेवाईक देतात. परिणाम राज्यावर आणि कर्ज आहे की नाही यावर ठरतात. फ्लोरिडात कोर्टाबाहेरच्या जप्तीला तुम्ही हरकत घेतली नाही तर उरलेल्या रकमेचा दावा तुमच्यावर होत नाही, पण क्रेडिट रिपोर्टवर डाग राहतो, आणि माफ झालेलं कर्ज उत्पन्न धरून त्यावर करही लागू शकतो. घर घ्यायचंय, ग्रीन कार्ड किंवा नोकरी बदलाच्या धावपळीत आहात, तर हा मार्ग वकिलाला विचारल्याशिवाय धरू नका.

आई-वडिलांच्या नावचा टाइमशेअर वारसाने आला असेल तर घाईने 'यंदा आपण जाऊन येऊ' म्हणू नका. वारस लेखी नकार देऊ शकतो. संघीय कर कायद्याच्या दृष्टीने तो मृत्यूनंतर ९ महिन्यांत द्यावा लागतो, आणि त्याआधी त्या मालमत्तेचा लाभ घेतलेला चालत नाही. एक आठवडा राहून आलात की नकाराचा हक्क गेलाच समजा.

पायरी ७: सुटलात की नाही ते स्वतः पाहा

क्लोजिंग कंपनीचं 'अभिनंदन' आलं म्हणजे काम झालं असं नाही. काउंटीच्या त्याच संकेतस्थळावर पुन्हा जा, नाव टाका. आता तुमचं नाव देणाऱ्याच्या बाजूला आणि नव्या मालकाचं घेणाऱ्याच्या बाजूला दिसायला हवं. दस्त क्रमांक लिहून घ्या, प्रत उतरवून ठेवा.

नंतर रिसॉर्टकडून लेखी घ्या की खातं बंद झालं आणि येणं शून्य आहे. ते हातात आल्यावरच बँकेतला स्वयंचलित भरणा थांबवा. नोंदलेलं डीड, एस्टॉपेल, क्लोजिंग स्टेटमेंट आणि हे पत्र एकत्र ठेवा. १०९९-एस, म्हणजे स्थावर विक्रीच्या रकमेचा फॉर्म, आला तर कर विवरणपत्रात दाखवा. स्वतःच्या वापराच्या टाइमशेअरवर झालेला तोटा वजा होत नाही, नफा झाला तर त्यावर कर मात्र लागतो.

पुढच्या वर्षाचं बिल बहुतेक रिसॉर्ट्स वर्षअखेरीला काढतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुमच्या नावाने बिल आलंच, तर ते भरू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. नोंदलेल्या डीडची प्रत आणि दस्त क्रमांक जोडून रिसॉर्टच्या ट्रान्सफर विभागाला त्याच आठवड्यात पाठवा.